अडतीस पूर्णांक पाच म्हणजे ताप किती?

लेक जर्मनीत असते. एका रात्री तिचा फोन आला, "आई, बाळाला साडेअडतीस ताप आहे." आपल्याकडे हवामान सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये, त्यामुळे मला क्षणभर काहीच उमगेना. त्यानंतर मी ही रीत पक्की केली.

आकडा दुप्पट करायचा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करायचा आणि 32 मिळवायचे. 38.5 चे झाले 77, त्यातून 7.7 गेले, उरले 69.3, त्यात 32 मिळवले की 101.3. हे उत्तर अगदी बरोबर येतं, अंदाजे नाही.

बरेच जण 'दुप्पट करा, 30 मिळवा' असं सांगतात. थंडी-उन्हाचा अंदाज घ्यायला ते चालतं, पण तापाला मुळीच वापरू नका. त्या हिशेबाने बाळाचा ताप 107 निघाला असता आणि माझ्या काळजाचं पाणी झालं असतं!

फ्रिजच्या दारावर मी चारच आकडे लावलेत: 37 म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. मधल्या प्रत्येक अर्ध्या अंशाला 0.9 वाढवायचे.

उलट जायचं तर आधी 32 वजा करा, मग निम्मे करा आणि त्यात त्याचाच नववा भाग मिळवा. केकच्या अमेरिकन कृतीतले 350 असे साधारण 177 होतात. ओव्हनला मी 175 वरच ठेवते, केक छान फुगतो.