घर विकायला काढण्याआधी फरशीचं काय करावं?

मराठवाड्यात घर बघायला माणूस एकटा येत नाही. मुलांच्या शिकवणीसाठी लातूर-नांदेडात घर शोधणारं कुटुंब असेल तर सोबत गावाकडचे वडील, एखादा मेहुणा आणि बऱ्याचदा ओळखीचा मिस्त्रीही असतो. चपला दारातच निघतात, म्हणून घराची पहिली तपासणी तळपाय करतात. भिंतीवर नवा रंग मारता येतो, पण खचलेली फरशी पायाला लगेच कळते. मग मेहुणा विचारतोच, "काका, इकडं फरशी बसल्यासारखी वाटते हो?" तिथून पुढचं सगळं बोलणं उतरत्या भावाचं.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. फरशीवर लाखभर घातले म्हणून घर लाखानं महाग जात नाही. घेणारा भाव धरतो तो जागेचा, रस्त्याचा, पाण्याचा आणि कागदपत्रांचा. फरशी चांगली असली तर तो काही बोलत नाही, आणि खराब असली तर मात्र दुरुस्तीला लागेल त्याहून जास्त रक्कम कापून मागतो, कारण त्याला पैशांबरोबर धूळ, मजूर आणि लांबलेला गृहप्रवेशही दिसत असतो. तेव्हा खर्च करायचा तो शंका मिटवण्यासाठी. नटवण्याची हौस नवा मालक त्याच्या पसंतीनं करील.

आधी फरशी वाजवून बघा

घरातली सतरंजी, चटया, कॉटखालची खोकी सगळं बाजूला करा. दिवसाउजेडी अनवाणी फिरा. मग एक नाणं घेऊन प्रत्येक फरशीच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर हलकं ठोका. भरीव, खणखणीत आवाज आला तर ती पक्की. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. तिथं खडूनं फुली मारा. फुल्या विखुरलेल्या असतील तर काम बसवणीत राहून गेलंय, तेवढ्या फरश्या काढून पुन्हा बसवल्या की झालं. पण सगळ्या फुल्या एका भिंतीच्या कडेला किंवा न्हाणीच्या बाजूला जमल्या, तर गोष्ट खालच्या भरावाची आहे.

आता तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठं जातं ते बघत बसा. न्हाणीतलं पाणी जाळीकडे गेलं पाहिजे, बैठकीतलं कोपऱ्यात साचता कामा नये. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी, आणि फरशी यांच्यामध्ये फट पडली असेल तर फरशी खाली गेली आहे, भिंत जागेवर आहे.

कारण सापडेपर्यंत टाइल्सच्या दुकानात जाऊ नका

आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. जोत्यात मुरूम भरून, पाणी मारून चोपण्याऐवजी पायाची उकरलेलीच माती परत टाकली असेल, तर फरशी वर-खाली होत राहणार. तिच्यावर कितीही महागाची टाइल लावा, दोन पावसाळ्यांत सांधे पुन्हा उघडे पडतील.

म्हणून अगोदर पाणी अडवा. गच्चीचं पाणी जोत्याच्या कडेला पडत असेल तर पाइप लांब न्या, फुटलेली मोरीची नळी बदला, घराभोवती उतार काढून कोबा करा. खचलेल्या खोलीतली फरशी काढून सैल माती उपसा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसानं चोपा आणि वर काँक्रीटचा थर टाकूनच फरशी बसवा. एका खोलीपुरतं हे काम नीट झालं तर बाकी घर उकरायची वेळ सहसा येत नाही.

भेगांचं तेवढं गांभीर्यानं घ्या. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिवकडचा माणूस विसरलेला नाही. भेग एकाच फरशीत असेल तर ती फरशी बदला. भेग सांध्यांमधून सरळ पुढे जाऊन भिंतीवर चढत असेल तर तिच्या टोकांना पेन्सिलची खूण करून तारीख टाका आणि अभियंत्याला बोलवा. ते मिस्त्रीचं काम नव्हे.

तळमजल्यावर सांध्यांतून पांढरी भुकटी येत असेल तर तो लोणा आहे. खालची ओल वर चढताना क्षार घेऊन येते. वरून घासलं तर चार दिवस बरं दिसतं, ओल थांबेपर्यंत ते येतच राहतं.

जुनी ठेवायची का बदलायची?

शहाबादी म्हटलं की लोक नाक मुरडतात, मला ते पटत नाही. कर्नाटकातून आलेली ही फरशी पिढ्यान् पिढ्या टिकते आणि मे महिन्यात तिच्यावर पाय ठेवला की सुख वाटतं. ओसरी, अंगण, जिना इथली चांगली शहाबादी काढूच नका. सांधे खरवडून त्यांतलं सिमेंट नव्यानं भरा. बैठकीतल्या शहाबादीला किंवा मोझॅकला मशीननं घासून पॉलिश करून घ्या. नव्या फरशीपेक्षा हे पुष्कळ स्वस्तात होतं.

एकच पथ्य पाळा: संडास साफ करायचं ॲसिड शहाबादी, कोटा, कडप्पा यांच्यावर ओतू नका. हे सगळे चुनखडीचे दगड आहेत, ॲसिडनं त्यांची कांती जाते आणि सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात, म्हणून त्यालाही तेच लागू. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग टाइल्सवर असतील तर पाण्यात मिसळलेला व्हिनेगर चालतो, पण दगडावर तोही नको.

बदलायचीच असेल तर बैठक आणि स्वयंपाकघर, एवढ्यावर थांबा. जुनी फरशी पक्की, सपाट आणि कुठंही बद्द न वाजणारी असेल तर तिच्यावरच चिकटद्रव्यानं टाइल लावता येते. पण उंची पाऊण इंचाच्या आसपास वाढते. दारं खालून तासावी लागतात. न्हाणीचा उंबरठा आणि बाहेरची पायरी आधी मोजा, नाहीतर दार अडकून बसेल.

रंग साधा घ्या: फिकट राखाडी, मलई, बदामी. पांढऱ्याशुभ्र फरशीवर आपल्याकडची धूळ संध्याकाळपर्यंत दिसायला लागते. हॉलला व्हिट्रिफाइड टाइल ठीक, ती पाणी फारसं शोषत नाही. चकचकीत टाइल न्हाणीत आणि ओसरीत मुळीच नको. घर बघायला आलेली आजी तिथं पाय जपून टाकायला लागली की समजा.

हिशोब असा: १२ बाय १५ चा हॉल म्हणजे १८० चौरस फूट. तुटफूट धरून १० टक्के जास्त, म्हणजे १९८. दोन बाय दोनच्या चार टाइल्सच्या खोक्यात साधारण साडेपंधरा चौरस फूट बसतात, तेव्हा १३ खोकी आणा. सगळी एकाच बॅचची आहेत का ते खोक्यावर तपासा, छटा बदलते. टाइल्स एकमेकींना चिकटवून लावायचा आग्रह मिस्त्रीकडे धरू नका. दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली नाही तर उन्हाच्या तापानं मधल्या टाइल्स उचलून येतात. उरलेल्या चार-सहा फरश्या आणि बिल सांभाळून ठेवा. घेणाऱ्याच्या हातात ते ठेवलं की कामाबद्दल फार बोलावं लागत नाही.

घर दाखवायच्या दिवशी

फरशी सकाळी साध्या पाण्यानं पुसा. फिनेलचा भपकारा आला की माणसं ओलीचा वास शोधायला लागतात. डागावर सतरंजी टाकू नका. ती उचलून बघितली जातेच, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

हातात पैसे नसतील तर दुरुस्ती न करताच घर दाखवायला हरकत नाही. फक्त मिस्त्रीकडून मजुरी आणि माल वेगवेगळा धरून खर्चाचा लेखी अंदाज घेऊन ठेवा. समोरचा "फरशीचे दोन लाख कमी करा" म्हणाला की तो कागद पुढे करा आणि बोलणं त्या आकड्यावर आणा. जे ठरेल ते इसार पावतीतच लिहा: कोणती खोली, कोण करून देणार, कधीपर्यंत.