शिक्का नसलेल्या जुन्या घरगुती वस्तूंचे वय आणि किंमत कशी ठरवावी

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणीकडची जुनी घरे पाडायला निघाली की माळा रिकामा होतो. हंडे, समया, अडकित्ते, चिपटी-मापटी, काळवंडलेल्या तसबिरी. बहुतेकांवर कारखान्याचा शिक्का नसतोच, कारण ती तांबटाने किंवा कासाराने घडवलेली. म्हणून सगळे मोडीच्या भावात जाते. भंगारवाल्याने वजनकाटा काढण्याआधी पुढची तपासणी उरकून घ्या.

सगळ्यात आधी घासायला बसू नका, अक्षरे शोधा. भांडे खिडकीपाशी तिरपे धरा. काठाच्या खाली, बुडावर, कानाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. आपल्याकडे लग्नात, वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यावर टिंबे ठोकून नाव घालायची रीत होती. सीमाभागात ते नाव मोडी लिपीत, देवनागरीत किंवा कन्नडमध्ये सापडते. मोडी असेल तर नाव बहुधा स्वातंत्र्याआधीचे. साल दिसले तर ते शक आहे की इसवी, ते आधी पाहा. शकात 78 मिळवले की इसवी सन येते (वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत 79): शके 1850 म्हणजे 1928-29. नाव भांड्यानंतर घातलेले असू शकते, भांड्याआधीचे नाही. म्हणजे ‘निदान इतके जुने’ एवढे तरी पक्के होते.

धान्याच्या मापांना मात्र अक्षरांवाचूनही बोलते करता येते. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. घरातली सगळी मापे एका संचातली आहेत असे वाटत असेल तर पाण्याने भरून पाहा. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट भरले पाहिजे. तसे भरत नसेल तर ती वेगवेगळ्या घरांतून गोळा झालेली आहेत, आणि संचाची किंमत मागण्यात अर्थ नाही. जुळला तर मात्र सुट्या मापांच्या बेरजेपेक्षा संच जास्त मोलाचा. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. लिटरचे माप त्यानंतरचे समजावे. उलटे मात्र खरे नाही, कारण खेड्यांत शेर-पायली त्यानंतरही चालू राहिली.

आता सांधा. जुन्या घागरी-हंड्यांत पत्र्याच्या कडा एकमेकींत दातांसारख्या अडकवून डाख (धातूची झाळ) दिलेला असतो. आतून बोटाला ती नागमोडी रेघ लागते. आतबाहेर एकसारखी गोल वलये दिसली तर काम यंत्रावरचे. ठोक्यांच्या खुणांवर मात्र एकट्याने विश्वास टाकू नका, हाताने ठोकलेली भांडी आजही मिळतात. लाकडी पेटीत फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील तर ते 1930 च्या दशकाआधीचे नाहीत. दुरुस्तीत बदललेले असतील, म्हणून बिजागरीखालचे लाकूडही पाहा: जुन्या स्क्रूची भोके दिसतात का?

पांढऱ्या धातूच्या वाट्या, अत्तरदाण्यांपाशी सगळ्यात जास्त फसगत होते. चांदी की जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्ताचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू? दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काट्यावर जितके ग्रॅम चढतील तितके घन सेंटीमीटर वस्तूचे आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. 105 ग्रॅमची वाटी 10 ग्रॅम चढवत असेल तर उत्तर 10.5, म्हणजे जवळपास शुद्ध चांदी. 12 ग्रॅम चढले तर 8.75, म्हणजे जर्मन सिल्व्हरच्या घरात. पितळ साधारण साडेआठच्या आसपास, ॲल्युमिनियम 2.7. आत लाख भरलेली किंवा पोकळ बंद वस्तू या हिशेबात बसत नाही. शेवटचा शब्द सराफाचा.

काशाची ताट-वाटी टिचकीने ओळखता येते: नाद लांबतो. बद्द वाजली तर चीर शोधा. तसबिरीवर भिंग धरा: सारख्या ओळींत बसलेले ठिपके म्हणजे अलीकडची छपाई, जुन्या शिळाछापात कण वेडेवाकडे असतात. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, तेव्हा त्याआधीचे चित्र म्हणून कुणी त्या छापखान्याची प्रत दाखवली तर हसून पुढे जा.

जुनेपणाचा थर अजिबात काढू नये, हा परदेशी संग्राहकांचा नियम आपल्या तांब्याच्या भांड्यांना जसाच्या तसा लावू नये असे मला वाटते. ती पिढ्यान्पिढ्या चिंचेने आणि राखेनेच घासली गेली आहेत. पॉलिशचे चाक मात्र नको. त्यात ठोक्यांच्या खुणा आणि टिंबांची नावे दोन्ही जातात.

किमतीची सुरुवात मोडीच्या भावापासून करा. वजन गुणिले धातूचा आजचा दर, हा तळ. त्याखाली देऊ नका. दर दोन ठिकाणी विचारा. वर काय मिळेल ते झाकण, साखळी, जोडी शाबूत आहे का, डाख किती, आकार नेहमीचा की वेगळा यावर ठरते. पितळी घागरी घरोघरी होत्या, म्हणून त्या तळापासून फार वर जात नाहीत. कोरीव अडकित्ता किंवा पक्ष्याच्या आकाराचा दिवा जातो. ‘शंभर वर्साचं हाय की वो!’ असे म्हणत दुकानदार सांगतो तो मागितलेला भाव. तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते विचारा.

धातूची किंवा दगडाची मूर्ती शंभर वर्षांहून जुनी वाटली तर विकायच्या गडबडीत पडू नका. 1972 च्या पुरावशेष कायद्याने ती नोंदवावी लागते आणि खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तिदंती फासे, डब्या, कंगवे असतील तर ते विकायला काढूच नका. वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे, वस्तू आजीची असली तरी.