शिकागोचं ग्रँट पार्क एका दिवसात: उत्तरेकडून दक्षिणेकडे

मिशिगन सरोवराच्या काठचं हे पार्क 319 एकरांचं, पण लांबट आहे. म्हणून चालायची दिशा आधी ठरवा. सकाळी उत्तरेच्या टोकाला मिलेनियम पार्कात सुरुवात करावी आणि दिवेलागणीला दक्षिणेकडे, सरोवरात शिरलेल्या जमिनीच्या सोंडेवर ॲडलर तारांगणापाशी पोहोचावं. आडवाटा धरून चाल सात-आठ किलोमीटरची होते. उन्हाळ्यातही विंडचीटर घ्या. शहरात घाम निघत असला तरी काठावर वारा सुटला की हुडहुडी भरते. आणखी एक, जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला लोलापलूझा हा चार दिवसांचा संगीत महोत्सव असतो. तेव्हा पार्कचा मोठा भाग कुंपणाआड जातो, त्यामुळे ते दिवस टाळाच.

मिलेनियम पार्क 2004 साली रेल्वेमार्ग आणि पार्किंगच्या डोक्यावर उभारलं. पायाखाली चक्क छप्पर आहे. सकाळी 8 ला उघडल्या उघडल्या ‘क्लाउड गेट’ गाठा. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं हे शिल्प 168 स्टीलच्या पत्र्यांचं, 33 फूट उंच आणि 66 फूट लांब. पत्रे जोडून सांधे घासून-घासून इतके गुळगुळीत केलेत की शोधूनही सापडत नाहीत. बहुतेक जण बाहेरून फोटो काढतात आणि निघतात. तसं करू नका. कमानीखाली जा आणि वर बघा: घुमटात माणसं ताणलेली, उलटी, अनेकपट झालेली दिसतात. त्या गर्दीत स्वतःला शोधायचं तर एक हात वर करून हलवा. अकरानंतर मात्र तिथे सगळेच हात हलवत असतात.

शेजारीच जाउमे प्लेन्सा यांचं ‘क्राउन फाउंटन’: 50 फुटी काचेच्या विटांचे दोन मनोरे आणि त्यांवर शिकागोकरांचे चेहरे. एक चेहरा काही मिनिटं राहतो, मग ओठांचा चंबू करतो आणि तोंडातून पाण्याची धार सोडतो. मुलं नेमकी त्याच जागी उभी राहतात, तेव्हा कपड्यांचा जादा जोड हवाच. खालच्या काळ्या ग्रॅनाइटवर पाण्याचा जेमतेम पापुद्रा असतो. धावलं की घसरतं. पाणी साधारण मे ते ऑक्टोबर, एरवी नुसते चेहरे.

याच पार्कातला, वास्तुविशारद फ्रँक गेहरी यांचा 925 फुटांचा वळणदार पूल हिवाळ्यात बर्फ पडलं की बंद ठेवतात, कारण लाकडी फळ्यांवर बर्फ वितळवायचं मीठ टाकता येत नाही.

दुपारी आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय. 11 सप्टेंबर 1893 रोजी विवेकानंद बोलले ती सर्वधर्म परिषद याच इमारतीत भरली होती. आत शिरलात तर दिवस तिथेच संपेल, आजच्या चालीत ते बसत नाही. डबा मात्र तिच्या दक्षिणेकडच्या बागेत खावा: झाडांची सावली आहे, तिकीट नाही. समोर लोराडो टाफ्ट यांचं 1913 सालचं कारंजं आहे. पाच स्त्रिया म्हणजे उत्तर अमेरिकेतली पाच महासरोवरं. सर्वांत वरची सुपीरियर. तिच्या शिंपल्यातलं पाणी एकीकडून दुसरीकडे उतरत शेवटी ऑन्टारियोपर्यंत जातं. कोणाचं पाणी कोणाच्या हातात पडतं ते बघत बसा, नकाशाच पाठ होतो.

पुढे 1927 चं बकिंगहॅम कारंजं. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दर तासाला वीसेक मिनिटं मोठा खेळ असतो, मधली धार 150 फुटांपर्यंत चढते. तासाला दहा मिनिटं बाकी असताना पोहोचा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा; समोरून घेतलात तर नखशिखांत भिजाल. वारा जोराचा असला तर धार आखूडच सोडतात. समुद्रघोड्यांच्या चार जोड्या म्हणजे मिशिगन सरोवराला लागून असलेली चार राज्यं. चौकाच्या कडेची स्वच्छतागृहं इथेच वापरून घ्या, पुढे बराच वेळ भरवसा नाही.

आता खरी फसगत होते ती इथून. पार्कच्या मधोमध खोल चरातून रेल्वेचे रूळ जातात आणि ते फक्त पुलांवरूनच ओलांडता येतात. पुढचं शिल्प रुळांच्या पश्चिमेला, मिशिगन ॲव्हेन्यू आणि रूझवेल्ट रोडच्या नाक्यावर आहे. म्हणून बाल्बो ड्राइव्हच्या पुलावरूनच पश्चिमेला या आणि मग दक्षिणेला वळा. ‘अगोरा’ (2006) म्हणजे पोलंडच्या मागदालेना अबाकानोविच यांच्या नऊ फुटी, गंजक्या रंगाच्या 106 लोखंडी आकृत्या, बिनडोक्याच्या आणि बिनहातांच्या. रस्त्यावरून बघून पुढे जाऊ नका, त्यांच्यामधून चाला. पाठीमागून त्या पोकळ आहेत हे तेव्हाच कळतं.

तिथून रूझवेल्ट रोडने पूर्वेला रूळ ओलांडा, वाहता महामार्ग भुयारी वाटेने टाळा आणि फील्ड म्युझियमवरून सरळ तारांगणाकडे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पायऱ्यांवर जागा धरा. परतीला 146 क्रमांकाची बस, नाहीतर रूझवेल्ट स्टेशन, साधारण दोन किलोमीटर.