पोरांच्या डोळ्यासमोर काय येतं ते आपल्या गल्लीतूनच बदलायचं असेल तर

पोरांसमोर अश्लील गाणी, क्लिप, पिक्चर येऊ नयेत असं वाटत असेल तर सगळ्यात आधी, मोर्चा काढू नका. निदान पहिल्या सहा महिन्यांत तरी नको. मोर्चात फोटो निघतात, व्हॉट्सअपला फिरतात, आणि सोमवारी सगळं जिथल्या तिथे. त्यापेक्षा एकच गोष्ट पकडा, छोटी, जिचं उत्तर हो किंवा नाही असंच येईल अशी.

आम्ही पकडली ती शाळेची गॅदरिंग. तिसरीतल्या पोरी, ओठांवर लाल लिपस्टिक, आणि गाणं असलं की खाली बसलेले आजोबा मान खाली घालून बसले. एक छोटी मधेच स्टेप विसरली आणि विंगेत बघायला लागली, तिथे डान्सवाले सर कंबर हलवून तिला दाखवत होते आणि ती बिचारी तसंच करत होती, आपण काय करतोय हे तिला कळतही नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. समोर निम्मे पालक मोबाईलवर शूटिंग करत होते, त्यात मीही होते, फोन खाली ठेवला तेव्हा हात थरथरत होता.

तेव्हा स्टेजवर जाऊन भांडलो नाही, पोरींचा हिरमोड झाला असता. पुढच्या जूनमध्ये पाच आया मिळून मुख्याध्यापक बाईंकडे गेलो आणि एकच मागितलं, गाण्यांची यादी महिनाभर आधी पालक-शिक्षक संघाला दाखवा. लेखी दिलं, दुसऱ्या कॉपीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेतली. ही पोच फार महत्त्वाची, पोच नसली की तुम्ही कधी आलाच नव्हता असं होतं. त्या वर्षी कोळीगीत, लेझीम आणि एक पोवाडा झाला, पोरं तितकीच नाचली.

आता घरातल्या टीव्ही-मोबाईलचं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तीन हजारांच्या आसपास वस्ती. कोरोनात शाळा ऑनलाईन झाली, पोरांच्या हातात मोबाईल आले ते शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात. सरपंच विजय मोहिते आणि गावातल्या बायांनी 14 ऑगस्ट 2022 ला मीटिंग घेतली आणि भोंगा घ्यायचं ठरवलं. मग संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, टीव्ही मोबाईल बंद, साडेआठपर्यंत अभ्यास, वाचन, गप्पा. सुरुवातीला लोकांना पटलं नव्हतं, म्हणून आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं, रिटायर गुरुजी दारोदार फिरले. भोंगा काय, कुणीही विकत आणेल, खरं काम त्या दारोदार फिरण्यात आहे. आणि बंद सगळ्यांनी करायचं, आजीची सिरीयल आणि बाबांचं रील सुद्धा, नाहीतर पोरगं ऐकणारच नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्शी ग्रामपंचायतीने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलच नको असा ठराव केला. त्यांची काळजी मला समजते, पण सरसकट बंदी मला पटत नाही, कारण फोन काढून घ्यायची वेळ आली की आधी मुलीचा जातो, मुलाचा राहतो, आणि तिला कुणी घाणेरडा मेसेज पाठवला तर ती फोन जाईल या भीतीने घरी सांगतच नाही. वेळ ठरवा, आणि पोरांना एवढं पक्कं सांगा की काही वाईट दिसलं आणि येऊन सांगितलंस तर तुझा फोन जाणार नाही.

केबलवाल्याने लोकल चॅनलवर दुपारी भलता पिक्चर लावला तर? वहीत लिहा: तारीख, वेळ, चॅनल, काय दाखवलं. आधी त्याच्याकडे जा, तो आपल्याच गावचा असतो, त्यालाही पोरं असतात, बरेचदा तिथेच मिटतं. नाहीच ऐकलं तर 1995 च्या केबल कायद्याखाली प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. मोठ्या चॅनलची किंवा ओटीटीची तक्रार आधी त्यांच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे करायची, 2021 च्या नियमांनुसार 15 दिवसांत निकाल द्यावा लागतो. ओटीटीवर 13+ किंवा 16+ असं लिहिलेलं असतं, त्याला पॅरेंटल लॉक द्यायचं कंपनीवर बंधन आहे, पण तो पिन घरात आपल्यालाच टाकायचा असतो, आणि पिन म्हणून पोराचीच जन्मतारीख नको.

गणपतीतल्या डीजेचं बोलायचं तर मिरवणुकीच्या दिवशी नाही, त्याच्या आधी पोलीस स्टेशनला शांतता कमिटीची मीटिंग होते तिथे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील गाणी वाजवून लोकांना त्रास देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गुन्हा आहे, हे तिथे शांतपणे सांगा, मंडळाची पोरं ओरडतील, ओरडू दे. सोबत मंडळातल्याच एखाद्याची आई असली तर काम निम्मं झालं समजा.

आणि हे नीट वाचा. लहान मुलाची अश्लील क्लिप ग्रुपवर आली तर "बघा काय चाललंय" म्हणून सुद्धा पुढे पाठवू नका, आपल्या गटातल्या बाईंनाही नाही. ती पाठवणं गुन्हा आहे, जवळ ठेवणंही आहे, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. नंबर, ग्रुपचं नाव आणि वेळ लिहून घ्या, राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा, तिथे या प्रकारात नाव न सांगताही करता येते. मूल संकटात असेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाईन, रात्री-अपरात्रीही लागतो.

कुणाच्या दुकानाची तोडफोड, बागेत बसलेल्या जोडप्यांना हुसकावणं, असलं कुणी सुचवलं तर तिथल्या तिथे नाही म्हणा. एकदा तसं झालं की चांगली माणसं घरी बसतात आणि उरतात ते फक्त हात साफ करणारे.

गावात असाल तर 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी किंवा त्याच्या आसपास सहसा ग्रामसभा असतात. आपला विषय आधीच लेखी द्या म्हणजे अजेंड्यावर येतो, ऐनवेळी उठलं तर "ऐनवेळचे विषय" म्हणून शेवटी ढकलतात आणि तोवर बाया स्वयंपाकाला घरी गेलेल्या असतात. आदल्या दिवशी बचत गटाच्या मीटिंगमध्ये कोण बोलणार ते ठरवा, आणि दुसरी उभी राहून अनुमोदन देणार तिचंही नाव आत्ताच लिहून घ्या.