जुनी हार्डडिस्क नव्या संगणकाला जोडल्यावर फाइल्स उघडत नसतील तर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले, तेव्हा आमचा संगणक वेळेत माळ्यावर चढवल्यामुळे वाचला. पुढे त्याचा मदरबोर्ड गेला, तरी हार्डडिस्क शाबूत होती. ती नव्या संगणकाला जोडली, तेव्हा हळदविक्रीच्या हिशेबपट्ट्या आणि मुलांचे फोटो असलेल्या फोल्डरवर ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश आला आणि त्याच दिवशी जुना प्रिंटरही चालेना. ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत. डिस्क दिसते पण फोल्डर उघडत नाही, तेव्हा प्रश्न बहुधा परवानगीचा असतो, आणि उपकरणच ओळखले जात नाही, तेव्हा ड्रायव्हरचा (विंडोजला उपकरण चालवता यावे म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमचा) किंवा जोडणीचा. (ज्या डिस्कमध्ये पुराचे पाणी गेले आहे, ती मात्र घरी चालू करून पाहू नये.)

परवानगी का नाकारली जाते, हे आधी समजून घ्यावे. विंडोज फाइलचा मालक नावाने नव्हे, तर खात्याला दिलेल्या एका लांबलचक सुरक्षा क्रमांकाने ओळखते. त्यामुळे नव्या संगणकावर त्याच नावाचे खाते उघडले, तरी त्याचा क्रमांक वेगळा असतो आणि जुन्या फाइल्सच्या दृष्टीने आपण परके ठरतो. उपाय असा: फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी आणि ॲडव्हान्स्ड या क्रमाने जावे, वरच्या ‘ओनर’समोरील ‘चेंज’ दाबून आपल्या खात्याचे नाव लिहावे, आतील सर्व फोल्डर व फाइल्सचा मालक बदलण्याच्या चौकटीत खूण करावी आणि ‘अप्लाय’ करावे. त्यानंतर सर्व खिडक्या बंद करून पुन्हा त्याच ठिकाणी यावे व आपल्या खात्याला ‘फुल कंट्रोल’ द्यावा. हे केवळ आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरपुरते करावे. वैतागून संपूर्ण सी ड्राइव्हवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देणे मला अत्यंत धोक्याचे वाटते, कारण मग विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सही कुणालाही बदलता येतात. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन असेल, तर मालकी बदलून उपयोग नाही. पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच.

डिस्क मुळीच दिसत नसेल, तर ड्रायव्हरला दोष देण्यापूर्वी वीजपुरवठा पाहावा. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते साध्या यूएसबी केबलमधून मिळत नाहीत, म्हणून वेगळा अडॅप्टर हवा. या टप्प्यावर विंडोजने फॉरमॅट करण्याबद्दल विचारले, तर कृपया ‘नाही’ म्हणावे. घाईत दाबलेल्या त्या एका बटनाने वर्षानुवर्षांचे फोटो जाऊ शकतात.

प्रिंटरसाठी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधील यादी, उघडावा. पिवळ्या त्रिकोणाशेजारच्या नावावर दोनदा क्लिक केल्यावर कोड २८ दिसला, तर ड्रायव्हर बसवलेलाच नाही. ‘डिटेल्स’मधील हार्डवेअर आयडीत व्हीआयडी आणि पीआयडी यांच्यापुढे असलेल्या चार-चार अक्षरांवरून उत्पादक व मॉडेल ओळखता येते, त्यानुसार ड्रायव्हर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, सर्व ड्रायव्हर आपोआप बसवून देतो म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमकडून नव्हे. चालू असलेले उपकरण अपडेटनंतर बंद पडले असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागचा ड्रायव्हर परत आणता येतो. आमच्या प्रिंटरच्या सीडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटचा होता आणि तो ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. उत्पादकाचा ६४ बिटचा ड्रायव्हर उतरवून घेतल्यावर प्रिंटर सुरू झाला.