अमेरिकी राजकारणावर नाशिकमध्ये वादसभा घ्यायची असेल तर

युद्ध, नागरी स्वातंत्र्य आणि गर्भपात हे तीन विषय घेऊन कॉलेज रोडवरच्या एखाद्या महाविद्यालयात किंवा वाचनालयाच्या सभागृहात वाद ठेवला, की दहा मिनिटांत तो ट्रम्पवर येऊन थांबतो. एक बाजू त्यांच्या नावानं बोटं मोडते, दुसरी टाळ्या घेते आणि विषय बाजूला पडतो. हे टाळायचं तर कोण चूक, कोण बरोबर यात शिरण्याआधी निर्णयाचा अधिकार कोणाचा, हे ठरवायला लावा. युद्धात राष्ट्राध्यक्ष की संसद? पाळत ठेवताना गुप्तचर यंत्रणा की न्यायालय? गर्भपातात न्यायालय, राज्य की ती स्त्री स्वतः?

ठरावाचं वाक्य

ठराव एका वाक्याचा हवा, आणि त्यात एकच मागणी. ‘अमेरिकेची युद्धखोरी’ हा ठराव नव्हे, तो निबंधाचा मथळा झाला. चालतील असे तीन ठराव:

– संसदेच्या पूर्वसंमतीशिवाय अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशात लष्करी कारवाई सुरू करू नये.
– परकीयांवर पाळत ठेवताना हाती आलेले अमेरिकी नागरिकांचे संदेश वॉरंटशिवाय धुंडाळू नयेत.
– गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवणारा २०२२ चा निकाल योग्य होता.

एका संध्याकाळी एकच ठराव घ्या. तिन्ही एकत्र घेतले तर एकही नीट होत नाही. बोलताना ‘अमेरिकी संसद’ म्हणा. नुसतं ‘काँग्रेस’ म्हटलं की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते.

तयारी: आधी मतदान पाहा, मग पक्ष

वक्त्यांना दहा दिवस द्या आणि दोन्ही बाजूंची टिपणं काढायला लावा. कोणी कोणती बाजू मांडायची याची चिठ्ठी सभेच्या तीन दिवस आधी काढावी. नियम एकच: ‘डेमोक्रॅट म्हणतात’, ‘रिपब्लिकन म्हणतात’ असं वाक्य आलं, तर त्याला कायद्याचं किंवा निकालाचं नाव, वर्ष आणि मतांचा आकडा जोडलेला हवा. दोन्ही सभागृहांतलं नोंदवलेलं मतदान इंटरनेटवर नावानिशी मिळतं, सर्वोच्च न्यायालयाचे निकालही पूर्ण मिळतात. बातमीवरून आकडा उचलू नये, मूळ नोंद उघडावी.

असं केलं की पक्षांची ठोकळेबाज चित्रं आपोआप मोडतात. इराक युद्धाला परवानगी देणारा ठराव ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटनं ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला. डेमोक्रॅटांपैकी २९ बाजूनं होते, त्यांत बायडेन आणि हिलरी क्लिंटनही. रिपब्लिकनांमधून विरोधात गेले ते एकटे लिंकन चॅफी. त्याच्या आदल्या वर्षी पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या पॅट्रियट कायद्याला सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ मत पडलं. तो एक म्हणजे विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट रस फाइनगोल्ड.

युद्धाच्या ठरावासाठी १९७३ चा ‘युद्धाधिकार ठराव’ हा कायदा पाठ हवा. निक्सन यांचा नकाराधिकार डावलून तो मंजूर झाला. सैन्य कारवाईत उतरवल्यावर ४८ तासांत संसदेला कळवायचं, आणि संमती मिळाली नाही तर ६० दिवसांत कारवाई थांबवायची, माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस. कागदावर हे कडक आहे. पण २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटले, तेव्हा ओबामा प्रशासनानं ही कारवाई त्या कायद्याच्या अर्थानं ‘शत्रुत्व’ ठरतच नाही, म्हणून मुदतही लागू नाही, अशी भूमिका घेतली. जून २०२५ मध्ये इराणवरच्या हल्ल्यांनंतर राष्ट्राध्यक्षांना रोखणारा ठराव सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ नं पडला. रिपब्लिकन रँड पॉल ठरावाच्या बाजूनं, डेमोक्रॅट जॉन फेटरमन विरोधात. प्रतिपक्षाला निरुत्तर करायला ही दोन उदाहरणं पुरतात.

पाळतीच्या ठरावात फुटीची रेघ पक्षांच्या मधून जात नाही, दोन्ही पक्षांच्या आतून जाते. एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात वॉरंट सक्तीचं करणारी दुरुस्ती २१२–२१२ अशा बरोबरीमुळे पडली, आणि दोन्ही बाजूंना दोन्ही पक्षांचे सदस्य होते. इथे श्रोते आणीबाणीवर येणारच. मिसाखालचे कैदी नाशिकरोडच्या कारागृहातही होते, तेव्हा ते स्वाभाविक आहे. येऊ द्या, पण प्रश्नोत्तरांत, भाषणांत नको.

गर्भपात: सगळ्यांत जास्त चुका इथे

पहिली चूक: ‘अमेरिकेत गर्भपातावर बंदी आली.’ आलेली नाही. २४ जून २०२२ च्या डॉब्ज निकालानं राज्यघटनेत असा हक्क नाही म्हटलं आणि प्रश्न राज्यांकडे गेला. आकडाही नीट सांगा: मिसिसिपीचा १५ आठवड्यांचा कायदा ६–३ नं टिकला, पण गर्भपाताचा हक्क मान्य करणारा जुना रो निकाल रद्द करायला पाचच न्यायमूर्ती होते, मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स त्या टोकाला गेले नाहीत.

दुसरी चूक: रो निकाल डेमोक्रॅटांनी लादला. १९७३ चा तो निकाल ७–२ होता आणि सातांपैकी पाच न्यायमूर्ती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. विरोधातल्या दोघांपैकी बायरन व्हाइट तर केनेडींनी नेमलेले.

तिसरी चूक: राज्य रिपब्लिकन, म्हणजे लोक बंदीच्या बाजूचे. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव मतदारांनी सुमारे ५९ टक्क्यांनी फेटाळला. फ्लोरिडात २०२४ मध्ये उलट झालं: हक्काच्या बाजूनं ५७ टक्के मतं पडूनही ६० टक्क्यांची अट असल्यानं प्रस्ताव पडला. अधिकार मतदारांना दिला तरी नियम कोण लिहितो, हे उरतंच.

आपल्याकडची चूक वेगळी. वक्ता बोलता बोलता लिंगनिदानावर जातो. तो १९९४ च्या कायद्याचा प्रश्न आहे आणि अमेरिकेतल्या वादाशी त्याचा फारसा संबंध नाही. तुलना करायचीच असेल तर १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याशी करा: २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी दोघांचं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या गटांत अविवाहित स्त्रियाही येतात असं स्पष्ट केलं. म्हणजे आपल्या कायद्यात डॉक्टरच्या मताला जागा आहे, तिकडे भांडण हक्काचं आहे. हा फरक जो सांगेल त्याला गुण द्यावेत.

सभा चालवताना

प्रत्येक बाजूला तीन वक्ते, प्रत्येकी सहा मिनिटं. पाचव्या मिनिटाला एक घंटा, सहाव्याला दोन, त्यानंतर माइक बंद. खंडनाला प्रत्येक बाजूस चार मिनिटं. ते पहिल्या वक्त्यानं करावं आणि नवा मुद्दा आणू नये. प्रश्नांना २५ मिनिटं धरली की सगळं दीड तासात आटोपतं.

१०० गुणांत पुरावा ४०, खंडन ३०, मांडणी २०, भाषा १०. भाषेला एवढे कमी गुण मुद्दाम आहेत. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत कवितेच्या दोन ओळी म्हणून बक्षीस नेणारे पुष्कळ आहेत, त्यांना इथे वाट ठेवू नका. परीक्षकांपैकी एक तरी कायद्याचा जाणकार हवा.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या, तोंडी नको. वसंत व्याख्यानमालेत मुरलेला नाशिककर श्रोता चांगला ऐकतो, पण हातात माइक आला की त्याचंही व्याख्यान होतं. युद्धाच्या ठरावाला देवळालीचे निवृत्त लष्करी अधिकारी आले तर चिठ्ठ्या डावपेचांच्या येतील. त्यांतून फक्त परवानगीबद्दलच्या निवडा. आणि ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्या व्हिसाच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवून, सभा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी बोलू असं आधीच जाहीर करा.