मासळीच्या सुरीचा गंज काढायचा कसा आणि परत येऊ नये म्हणून काय करायचं

आमच्याकडे मालवणात घरटी एक आडाळो, म्हणजे विळी, आणि दोन-तीन सुऱ्या असतातच, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यातली निदान एक तरी तांबडी होऊन निघते. लोक म्हणतात खारं पाणी लागलं म्हणून गंजली. पाणी लागतं हे खरं, पण गंज धरतो तो घरी आल्यावर, सुरी पिशवीत नाहीतर मोरीच्या कोपऱ्यात पडून असते तेव्हा.

कारण सोपं आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पाणी सुकून जातं आणि क्षार पात्यावर राहतात. साधं मीठ हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की आपणहून पाणी ओढतं, पावसात बरणीतलं मीठ पाझरतं ना, तेच. समुद्राच्या मिठात वर मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. म्हणजे किनाऱ्यावर वरून कोरडी ठाक दिसणारी सुरी आतून ओलीच असते, फडक्याने कितीही पुसा, मीठ धुतलं नाही तर पुसून उपयोग नाही.

मी एक चांगली सुरी अशीच घालवली. खडकावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला गेलो होतो, तांबोशी मिळाली ती तिथेच साफ केली, सुरी पेपरात गुंडाळून पिशवीत टाकली आणि पिशवी चार दिवस दाराआड तशीच. उघडली तर पेपर पात्याला चिकटलेला, आणि जिथे कागदाची घडी टेकली होती तिथे बरोब्बर तांबड्या रेघा. रेघा घासून गेल्या पण खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिले ते आजही आहेत.

आता काढायचं कसं ते. आधी पातं कशाचं आहे ते बघा. लोहाराने ट्रकच्या पाट्याची केलेली सुरी किंवा आडाळो असेल तर ते साधं कार्बन स्टील, त्यावर काळपट रंग येतो तो गंज नव्हे, चिंच, कोकम, कांदा लागून येतो आणि उलट थोडं राखणच करतो, तो घासून काढू नका. बोटाला तांबडी भुकटी लागते तो गंज. वरवरचा असेल तर नारळाची शेंडी आणि चुलीतली ओली राख पुरेशी, राखेने माशाचा तेलकटपणा पण जातो. चूल नसेल तर खायचा सोडा घ्या. घासताना हात पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्या, उलटा नको, बोट कापेल.

जाड गंज असेल तर साधं पांढरं व्हिनेगर. उंच ग्लासात ओतून फक्त पातं बुडवा, मूठ बाहेर, किंवा व्हिनेगरात भिजवलेला टिशू पात्याला गुंडाळा. अर्धा तास झाला की काढून घासा, नाही सुटला तर परत अर्धा तास, पण रात्रभर ठेवू नका कारण व्हिनेगर गंज खाऊन झाल्यावर लोखंड खायला लागतं आणि सगळ्यात आधी धार जाते. नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा, लगेच पुसा, लगेच तेल लावा. हे लगेच म्हणजे खरंच लगेच, नुकतं उघडं पडलेलं लोखंड पाच-दहा मिनिटांत परत नारिंगी होतं, तेवढ्यात फोन आला तरी घेऊ नका. राहिलेले डाग ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून, मग ८०० ने, आणि शेवटी धार लावून घ्या.

कोकमाच्या आगळाने, म्हणजे खारवलेल्या घट्ट रसाने, तांब्याची भांडी लख्ख होतात म्हणून काही जण सुरीलाही लावतात. लावू नका, आगळात मीठ असतं. लिंबू-मिठाचंही तेच. टॉयलेट क्लीनर तर अजिबात नको, त्यातलं ॲसिड क्लोराईडचंच असतं आणि ही सुरी जेवणाची आहे. गंज जाळायला गॅसवरही धरू नका, पात्यावर निळी झाक आली की लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, उतरलं समजा, मग धार टिकतच नाही.

स्टेनलेसची सुरी पण गंजते बरं का. त्यात क्रोमियम असतं, त्याचा बारीक पापुद्रा पात्याला सांभाळतो, पण मिठातलं क्लोराईड तो पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं आणि तपकिरी टिपके येतात. सोड्याची पेस्ट आणि मऊ स्क्रबरने ते जातात. लोखंडी तारेची घासणी मात्र वापरू नका, तिचे कण पात्यात अडकतात आणि तेच गंजतात.

रोजचं काम एवढंच, मासे कापून झाले की आधी सुरी धुवायची, मग बाकीचं आवरायचं. साबण आणि गोडं पाणी. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. जमलं तर गरम पाणी ओता, पातं झटकन सुकतं. मुठीजवळचं कडं आणि रिव्हेट जुन्या ब्रशने घासा, मीठ तिथेच दडतं आणि मुठीच्या आतून सुरी सडते, वरून पत्ता लागत नाही, मग एक दिवस मूठ हातात येते.

तेल खोबरेलच लावा, दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसल्यासारखं. सूर्यफूल किंवा जवस तेलाचा चिकट थर बसतो. जास्त दिवस ठेवायची असेल तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, ते खवट होत नाही. डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे घडीच्या सुरीच्या खिळीला ठीक, खाण्याच्या पात्याला नको.

१ जूनला मासेमारी बंद झाली की ज्या सुऱ्या लागणार नाहीत त्या धुऊन, उन्हात तासभर ठेवून, तेलाच्या सुती फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. चामड्याचं म्यान आणि पेपर दोन्ही नको, ओल धरतात. आणि दर पंधरा दिवसांनी डबा उघडून बघा, सगळ्यात आधी कड्याच्या खाली.